रिकाम्या हाती कडी वाजवायची नाही

फोन दुपारी बाराच्या सुमाराला आला. सारिकाचा होता. सारिका म्हणजे माझ्या मावसबहिणीची, विमलअक्काची सून. ती दोनच वाक्यं बोलली. पहिलं : "मामा, आत्याबाई गेल्या." (सासूला ती आत्याबाई म्हणते.) आणि दुसरं : "आज कोंडा टाकायचा का खाद्य, तेवढं तुम्हाला काही सांगितलं होतं का त्यायनी?" ज्या घरातलं माणूस त्याच सकाळी गेलं आहे, तिथून असा प्रश्न यावा हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. भोकरदनपासून आठ किलोमीटरवरच्या त्या शेडमध्ये साडेतीन हजार कोंबड्या एकोणीस दिवस निव्वळ गव्हाच्या कोंड्यावर होत्या. त्यांची पिसं झडत होती. त्यांना पुन्हा पोटभर कधी घालायचं, हे फक्त अक्काला माहीत होतं, आणि अक्का सकाळी पाण्याच्या टाकीपाशी पडली ती उठली नव्हती. भोकरदनच्या डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. तिचा मुलगा गणेश तेव्हा जालन्याला, एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात पहिल्या पाळीवर होता.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं आयुष्य साधारण ठरलेलं असतं. वर्षभर, सव्वा वर्ष त्या जोमानं अंडी देतात. मग अंडी कमी होतात, कवच पातळ होतं. तेव्हा बहुतेक पोल्ट्रीवाले सगळी शेड व्यापाऱ्याला विकून मोकळे होतात आणि नव्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणतात. दुसरा मार्ग विश्रांतीचा. शेडमधले दिवे बंद करायचे, खाद्य उतरवायचं. अंडी थांबतात, कोंबडी जुनी पिसं टाकते, नवी येतात, आणि पुढचे काही महिने ती पुन्हा अंडी देते. खाद्यवाले याला मोल्टिंग म्हणतात. अक्का म्हणायची, कोंबड्या पिसाला बसवल्या. ती हे गणपती ते नवरात्र या काळात करायची, कारण त्या दिवसांत अंड्याला गिऱ्हाईक तसंही कमी असतं. सांगायला सोपं आहे. करताना मधले दिवस कठीण असतात. पोटभर खाद्य लवकर सुरू झालं तर विश्रांती अर्धवट राहते आणि पुढं अंडी धड येत नाहीत. उशीर झाला तर अशक्त कोंबड्या पिंजऱ्यातच मरतात. दोन्हीच्या मध्ये चार-पाच दिवसांची फट असते. अक्का गेली ती त्या फटीच्या तोंडाशी.

या वेळी त्या फटीवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. ही शेड अक्काच्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं, भास्करनं, सामाईक जमिनीवर बांधली होती. नवरा गेल्यावर अकरा वर्षं ती अक्कानं एकटीनं चालवली. यंदा बियाण्याच्या एका कारखान्यानं गोदामासाठी जागा विचारली आणि भास्करला ते पटलं. तो वाईट माणूस नाही, हे इथं नोंदवायला हवं. त्यानं मानमोडीसारख्या रोगराईनं एका रात्रीत रिकामी झालेली शेड पाहिली आहे. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीच्या ताटावर हा विषय निघाला तेव्हा मी तिथं होतो. "वहिनी, बियाण्याच्या थैल्या मानमोडीनं मरत न्हाईत," भास्कर म्हणाला. "थैल्या अंडे बी देत न्हाईत," अक्का म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. शेवटी दोघांत ठरलं ते असं : उद्यापासून कोंबड्या पिसाला बसवायच्या. दसऱ्यापर्यंत अंडी सुरू झाली तर शेड अक्काची. नाही झाली तर कोंबड्या व्यापाऱ्याला आणि शेड गोदामाला. चाळीस दिवस. अक्कानं बोटांवर हिशेब केला आणि हो म्हणाली. हे दिवस कमी आहेत, हे तिला आणि भास्करला दोघांनाही ठाऊक होतं.

तिला त्यातला धोका माहीत होता, कारण आठ वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा कोंबड्या पिसाला बसवल्या तेव्हा ती चुकली होती. त्या वेळी खाद्याच्या दुकानातल्या एका माणसानं तिला झटपट मार्ग सांगितला होता : दहा दिवस काहीच घालू नका, फक्त पाणी. तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो होतो. दारापासूनच आवाज येत होता. पिंजऱ्यांपुढं पत्र्याची पन्हळ असते, खाद्य त्यात टाकतात. रिकाम्या पन्हळीवर हजारो चोची आपटत होत्या. गारा पडताना पत्र्यावर होतो तसा तो आवाज, फक्त न थांबणारा. अक्का त्या दहा दिवसांत जेवली नाही, असं गावात सांगतात. ते खरं नाही. ती जेवत होती. मी तिच्या शेजारी बसून जेवलो आहे. पण ती ताट घेऊन शेडपासून लांब, रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली जायची. त्या खेपेला बऱ्याच कोंबड्या मेल्या. उरलेल्यांनी अंडी दिली, दुकानातला माणूस आपलं खरं झालं म्हणाला, आणि अक्कानं त्याच्याशी बोलणं बंद केलं.

कडीची गोष्टही तेव्हाचीच. एकदम दार उघडलं की कोंबड्या बुजतात, पिंजऱ्यावर आदळतात, म्हणून प्रत्येक पोल्ट्रीवाला आत जाण्याआधी काहीतरी आवाज करतो. अक्का दाराची कडी दोनदा वाजवायची आणि खाद्याची गाडी आत ढकलायची. कोंबड्यांना ते पाठ झालं होतं. उपाशी ठेवण्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सवयीनं कडी वाजवली. हातात फक्त पाण्याच्या नळीचा पाना होता. साडेतीन हजार माना पिंजऱ्याबाहेर आल्या... तिनं हे मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता. "त्या दिवशी मी त्यायच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. त्यानंतर हात रिकामा असेल तर ती कडीला हात लावत नसे. नुसती खाकरायची, "आले गं, आले," म्हणत आत जायची. हळूहळू हे शेडपुरतं उरलं नाही. कुणाच्या घरी काही घेऊन गेली तर कडी दोनदा वाजवायची, नुसती बोलायला गेली तर बाहेरून हाक मारायची. आळीतल्या बायका तिला त्यावरून चिडवायच्या. कडी वाजली की म्हणायच्या, "उठा गं, पिशवी आली." ती हसायची, पण नियम मोडायची नाही.

मी तिला शेवटचं भेटलो ते ती जाण्याच्या दोन दिवस आधी. सतरावा दिवस होता. शेडमध्ये इतकी शांतता होती की पाण्याचे थेंब ऐकू येत होते. कोंबड्या उघड्या मानांच्या, विस्कटलेल्या, जणू कुणी उलट्या हातानं विंचरलेल्या. पिसं जमिनीवर, जाळीवर, अक्काच्या केसांत. पन्हळीत कोंडा होता. या वेळी तिनं एकही दिवस पन्हळ रिकामी ठेवली नव्हती. कोंड्यानं पोट भरतं, अंग उतरतं. वेळ जास्त लागतो. भास्करचे चाळीस दिवस डोक्यावर असताना तिनं मुद्दाम लांबचा मार्ग घेतला होता. मी सवयीनं वही काढली आणि प्रश्न विचारत गेलो. दिवे कधी बंद केले, कोंडा किती, कवचासाठी शिंपल्याचा चुरा कधी, दिवे परत कधी आणि रोज कितीनं वाढवायचे. ती सांगत होती, मी लिहीत होतो. सारिका मागं उभी राहून खूण केलेल्या दहा कोंबड्या एकेक करून काट्यावर धरत होती. शेवटी मी विचारलं, कोंडा थांबवून खाद्य कितव्या दिवशी.

"दिवसावर न्हाई ते."

"मग वजनावर?"

"वजन आम्ही करून राह्यलो की. पर काटा मागून सांगतो."

"मग कशावर?"

"हात सांगतो," अक्का म्हणाली. मी वही मिटली. ते उत्तर आहे असं मला वाटलं नाही. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहिताना मी हेच शिकलो होतो : जे मोजता येत नाही ते छापायचं नाही. तिनं सगळ्यांत जास्त उतरलेली एक कोंबडी काढून सारिकाच्या हातात दिली, छातीच्या हाडावर तिचा अंगठा ठेवला, आणि त्यावर आपला अंगठा दाबला. मी तेही लिहिलं नाही.

म्हणून त्या दुपारी फोनवर सारिकाला मी जे वाचून दाखवू शकलो त्यात सगळं होतं, फक्त तिनं विचारलं तेवढं नव्हतं. मी तसं सांगितलं. मग म्हणालो, "ती एवढंच म्हणाली होती, हात सांगतो." "म्हंजी आता माझा हात," सारिका म्हणाली आणि फोन ठेवला.

मी संभाजीनगरहून पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. गणेश नुकताच आला होता, त्याच्या अंगावर कारखान्याचेच कपडे होते. भास्कर सारिकाला हळू आवाजात समजावत होता. त्याचं म्हणणं साधं होतं : वहिनी गेल्या, आता हे कुणी निभवायचं, आजपासून पोटभर खाद्य घाला, आठ दिवसांत अंग धरतील, व्यापारी घेऊन जाईल. सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं. मलाही वाटत होतं. सारिका उठली. ती शेडकडे गेली. दारात खाकरली. मी मागं गेलो. ती एकेका पिंजऱ्यातून कोंबडी काढत होती, अंगठा फिरवत होती, परत ठेवत होती. वीस-पंचवीस तरी झाल्या असतील. बाहेर बांबू बांधून झाले होते, कुणीतरी तिला दोनदा हाक मारली. ती बाहेर आली, कोंड्याची गाडी भरली, कडी दोनदा वाजवली आणि आत गेली. "अजून न्हाई," ती भास्करजवळून जाताना म्हणाली, "मांस हाये हाडावर." त्या दिवशी स्मशानाकडे जाताना पुढच्या खांदेकऱ्यांच्या पाठीवर पांढरी पिसं चिकटलेली मला दिसत होती. कुणी ती झटकली नाहीत.

पुढचे चार दिवस मला सारिकाचा रोज एक फोन यायचा. पहिल्या दिवशी दोन मेल्या, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी सहा. सुतक चालू, घरात पाहुणे, आणि जो येई तो पन्हळीतला कोंडा पाहून तिला सांगून जाई की ती सासूच्या कोंबड्या मारून राह्यली आहे. गणेशही तिला एकदा तसं बोलला. तिनं तेही मला बातमीसारखं सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. भीती मात्र स्पष्ट होती. तिच्याकडे अंगठ्याशिवाय दाखवायला काही नव्हतं. पाचव्या दिवशी फोन आला नाही. मी केला. "आज खाद्य टाकलं," ती म्हणाली. "हाड वर आलंय. बराबर आत्याबाईनं दाखवलं तेवढं." तो अक्काचा चोविसावा दिवस होता. दिव्यांचे तास तिनं माझ्या वहीप्रमाणे वाढवत नेले. वहीचा तेवढा उपयोग झाला.

तेराव्याला नवी पिसं दिसू लागली होती. दसऱ्याला अंडं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी तिथं होतो. घरात दुखवटा असल्यानं सोनं वाटायचं नव्हतं. भास्कर रिकाम्या हाती आला, शेडच्या दारात थांबला, आणि खाकरला. मी ते पाहिलं. आत अंडी घरंगळत येतात ती जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी होती. तो शेवटपर्यंत चालत गेला, परत आला. सारिकानं वाद घातला नाही. तिनं एक कोंबडी काढून त्याच्यापुढं धरली, शेपटीकडची बाजू त्याच्याकडे करून. "बघा, तात्या," ती म्हणाली. शेपटीखाली दोन हाडांची टोकं असतात. अंडी बंद असली की त्यांच्यामधल्या फटीत एकच बोट मावतं, अंडं जवळ आलं की हाडं फाकतात. भास्करनं बोटं लावली. तो आणि त्याचा भाऊ याच शेडमध्ये हे शिकले होते. इतकी वर्षं त्यानं कोंबडीला हात लावला नव्हता. तो खूप वेळ बोटं काढेना...

"परवा एकच बसत होतं," सारिका म्हणाली.

"दोन बसायलेत," तो म्हणाला. मग दुसरी मागितली, तिसरी मागितली. चौथी त्याच्या शर्टावर शिटली. "वहिनीच्याच हायेत," तो म्हणाला. जाताना तो गोदामाबद्दल बोलला नाही. दारातून एवढंच म्हणाला, "चार दिवस इकडंतिकडं होतंच की." पहिली अंडी तिसऱ्या दिवशी आली. सात होती, लहान. आता रोजची किती येतात ते इथं लिहीत नाही. शेड चालू आहे.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. सारिका विहिरीकडे होती, शेडचं दार लोटलेलं होतं. परक्या दारासमोर थांबल्यावर माणूस करतो तेच मी केलं. कडी दोनदा वाजवली आणि दार ढकललं. आतली सगळी कुजबुज एकदम थांबली. मग दोन्ही बाजूंच्या पिंजऱ्यांतून माना बाहेर आल्या, शेवटच्या टोकापर्यंत, नव्या पांढऱ्या पिसांच्या, आणि सगळ्या माझ्या हाताकडे पाहू लागल्या. हातात वही होती. खाद्याच्या वेळेला अजून तास होता. मी मागं सरणार तेवढ्यात सारिका मागून आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पन्हळीकडे पाहिलं, माझ्या हातातली वही काढून पोत्यावर ठेवली आणि पत्र्याचा डबा भरून दिला.

"वाजवली ना, मामा," ती म्हणाली. "मंग टाका आता."