उलट्या तोंडाचं बदक

आमच्याकडे वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ न्यायची पद्धत आहे. एका घरात पाच घड्याळं येतात आणि पाचही वेगवेगळी वेळ दाखवतात. म्हणून केजला माझ्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे आक्कांनी, घर बांधलं तेव्हा मी जाहीर केलं, की मी हातानं केलेलीच वस्तू नेणार. नवरा "बरं" म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली की माणूस "बरं"च म्हणतो.

खरं कारण वेगळंच होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला आक्कांनी मला पोपटी साडी दिली होती. तिच्या काठावर त्यांनी स्वतः सुईदोऱ्यानं पांढरी बदकं भरली होती, एकामागं एक. त्यातलं एक उलट्या तोंडाचं. आता अंगावर बदकं घेऊन मी काही लग्नकार्यात मिरवणार नव्हते. वर्षभर वाट बघून साडी भांडेवालीला दिली आणि स्टीलचा मोठा डबा घेतला. पुढं आक्का भेटल्या की विचारायच्या, "साडी नेसलीस का गं?" आणि मी म्हणायचे, "जपून ठेवलीय, आक्का." कधी ना कधी हे उघडं पडणार, या धाकानं मला त्यांना आधीच खूश करून ठेवायचं होतं.

बीडला बचत गटांचं प्रदर्शन लागलं होतं. पापड-कुरड्या मागं टाकून मी दिंद्रुडच्या एका मावशींपाशी थांबले. त्या जुन्या साड्यांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायच्या. अशा साड्या त्यांना भांडेवाल्या आणून विकत.

"नेसलेली कापडं हायत बाई, म्हणून तर मऊ हायत," मावशी म्हणाल्या. "उलटून बगा की."

"मला कळतं त्यातलं, मावशी," मी म्हणाले. वरच्या टाक्यांवरून जाणकारासारखं बोट फिरवलं आणि वाकळ तशीच रंगीत कागदात बांधून घेतली. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

केजला जीपमधून उतरले तेव्हा एका काखेत वाकळ होती आणि दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. आक्कांनी चार बायकांसमोर वाकळ उलगडली.

"हातानं शिवलेली आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हल्ली कोण घेतं एवढे कष्ट?"

बायकांनी माना डोलावल्या. मग आक्कांनी वाकळ उलटी केली. खालचं अस्तर पोपटी होतं. मावशींना बदकं आवडली असणार, कारण एकालाही कात्री लागली नव्हती. सगळी इकडं, एक तिकडं.

बायका जेवायला गेल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "भांडेवालीला दिलीतीस?"

"हो."

"काय दिलं तिनं?"

मी डब्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"झाकण घट्ट बसतंय का?"

"लई घट्ट," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. हातानं केलेलं काही मिळावं म्हणून मी अख्खं प्रदर्शन पालथं घातलं होतं, आणि माझ्यासाठी हातानं केलेलं होतं ते एका डब्यापायी देऊन बसले होते. मला खरोखर लाज वाटली.

"रडतीस कावून? पुढच्या टायमाला थेट वाकळच शिवून देते. मधी भांडेवाली कशाला?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी डोळे पुसत म्हणाले, "ते एक बदक तेवढं चुकलं होतं, आक्का."

"चुकलं न्हाई. तीन वर्सं तुला बगून मुद्दाम भरलं." त्यांनी त्या बदकावरून अंगठा फिरवला. "समदं घर एकीकडं, अन् तू भलतीकडं. ते बदक तू हायस."

लाडू त्यांनी डब्यासकट ठेवून घेतले. डबा परत मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही.