फिरून आलेला खण

आमच्याकडे कुणाच्याही घरी जा, ओटी भरल्याशिवाय बाईला सोडत नाहीत. नारळ, तांदूळ आणि एक ब्लाउजपीस. नारळ फुटतो, तांदूळ शिजतात, ब्लाउजपीस मात्र सहसा शिवला जात नाही. तो ट्रंकेत जातो आणि पुढच्या बाईच्या ओटीत पडतो. माझ्या ट्रंकेत असे खण इतके साठले होते की झाकण लावायला तिच्यावर बसावं लागायचं. लेक पुण्याला नोकरीला गेली, माझी दुपार मोकळी पडली, आणि फोनवर बघून बघून मी कापड रंगवायला लागले, ते या ट्रंकेच्याच भरवशावर. कापड फुकटचं होतं ना.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. आहेराचे खण बहुतेक टेरिकॉटचे. डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात उकळून उकळून थकले, तरी ते जसेच्या तसे. मग बाजारात जाऊन सुती मांजरपाट आणला. आमच्या सेलूतून कापसाच्या गाठींनी भरलेले ट्रक रोज बाहेर जातात आणि साध्या सुती कापडासाठी दुकानदार मला सगळ्यात खालचा धुळकट तागा ओढून काढून देतो, याचा मला तेव्हा फार राग आला. अजूनही येतो.

साली ज्यूसच्या गाड्यावरून आणायचे. काळ्या रंगाला गंजकं लोखंड लागतं, ते घरचंच होतं, कारण नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याचे टाकाऊ नट-बोल्ट बादलीत घातले, वर गूळ आणि पाणी, आणि बादली गच्चीवर झाकून ठेवली. काही दिवसांनी असा वास सुटला की तुमच्याकडं दारू गाळायलेत का, असं शेजारीण नवऱ्याला विचारून गेली. अजून मला पाजली नाही, सध्या फक्त कापडाला देते, असं त्यानं सांगितलं. ते पाणी चिंचोक्याच्या खळीत घोटलं की छापायचा रंग तयार होतो. ठसे माझ्याकडे नव्हते. भेंडी कापून बघितली, तिनं लगेच मान टाकली. शेवटी करंज्या कापायचं कातणं हाताला लागलं. त्याचं दातेरी चाक रंगात बुडवून कापडावर फिरवलं की मागे नागमोडी ओळ उमटत जाते. ते कातणं त्यानंतर स्वयंपाकघरात परत गेलं नाही.

मनासारखा उतरलेला पहिला खण फोडणी न दिलेल्या वरणासारखा पिवळा होता, त्यावर कातण्याच्या काळ्या ओळी. एका ठिकाणी कापडाला सुरकुती पडली, चाक अडखळलं आणि ओळ उडी मारून वर गेली. तेवढं सोडलं तर खण देखणा झाला होता. तो कुणाला द्यायचा हे मी रंगवायच्या आधीच ठरवलं होतं.

माझी थोरली जाऊ राणीसावरगावला असते. तिला मी आक्का म्हणते. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मला भाकरी गोल थापता येत नव्हती. आक्कानं शिकवली, शिकेपर्यंत माझ्या वाकड्या भाकरी स्वतःच्या ताटात घेतल्या, आणि चारचौघींत ‘आमची धाकली’ म्हणून मला पुढं केलं. मग नवऱ्यानं सेलूत दुकान टाकलं, वाटणी झाली, चूल वेगळी झाली. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. पण त्यानंतर तिच्या तोंडी मी ‘सेलूवाली’ झाले. सेलूवालीला निरोप द्या, सेलूवाली आली का. इतकी वर्षं झाली तरी तो शब्द मला टोचायचा. येणं-जाणं कार्यापुरतं उरलं, देणं-घेणं ओटीपुरतं.

म्हणून तिच्या नातवाच्या बारशाला मी तो पिवळा खण नेला. परभणीला गाडी बदलून गंगाखेड, तिथून जीप, आणि सगळ्या वाटेत पिशवी मांडीवर. आहेर करताना हळूच सांगितलं की हा मी स्वतः केलाय. आक्कानं उलगडून पाहिला, ओळीवरून बोट फिरवलं, तेवढ्यात आतून हाक आली म्हणून ती उठून गेली. पुढं कुठल्याही कार्यात ती दिसली की माझी नजर आधी तिच्या अंगावरच्या झंपराकडे जायची. माझा खण काही दिसला नाही.

वर्षभरानं वालूरला एका नातेवाइकांची वास्तुशांत होती. यजमानीण म्हणजे आक्काच्या भाचीची सासू. तिनं माझी ओटी भरली. घरी येऊन पिशवी सोडली तर नारळाखाली माझाच खण. उडी मारलेली ओळ बघितल्यावर शंकेला जागाच राहिली नाही. मधल्या काळात त्याचे हालही झाले होते. त्यावर पांढुरक्या रेघा पडल्या होत्या, कडेला टाचणीची भोकं होती. नवरा म्हणाला, "चांगलंय की, तुझा माल गावोगाव फिरायलाय." मला हसू आलं नाही. मी गच्चीवर जाऊन काळ्या रंगाची बादली मोरीत ओतून दिली. आक्कानं दुसरा कुठलाही खण फिरवला असता तरी चाललं असतं. हा फिरवला म्हणजे मला फिरवलं, असं मला वाटत राहिलं.

त्याच वर्षीच्या लग्नसराईत आक्का सेलूला एका लग्नाला आली आणि रात्री आमच्याकडे मुक्कामाला राहिली. सकाळी ती निघाली तेव्हा मी ओटी भरायला घेतली आणि मुद्दाम तोच खण वर ठेवला. रात्रभर मनाशी ठरवलं होतं, बघूच आता कसं तोंड लपवते ते.

तिनं तोंड बिंड काही लपवलं नाही. खण उलगडला आणि तिचा चेहरा उजळला. हे तुझ्याकडं कसं आलं, असं उलट मलाच विचारलं. मी तुटकपणे म्हणाले, फिरत फिरत आलं, तुम्ही दिलंत तिथून.

"मग काय करू?" आक्का म्हणाली. "शिंप्याकडं नेल्तं मी. त्यानं समदं आखून बघितलं आन् वापस दिलं. बाह्याच निघंनात म्हणला. माझं अंग बघ आन् तुझं कापड बघ."

तिनं खण खाटेवर पसरला. मी ज्यांना मळ समजत होते त्या शिंप्याच्या खडूच्या रेघा होत्या. पाठ आखली होती, पुढचे दोन भाग आखले होते, आणि काठाशी एका बाहीचा अर्धा गोल कापडाबाहेर गेला होता. आपल्याला होत नाही तर निदान कुणाच्या तरी अंगावर दिसावं म्हणून तिनं तो आपल्या सडपातळ भाचीला दिला होता. सासूनं तिच्याकडून काढून ट्रंकेत टाकला, त्याला आक्का काय करणार.

चूक माझीच होती. कापड कापताना मी ट्रंकेतला एक खण वर ठेवून त्याच्याबरोबरीनं कात्री चालवली होती. आहेराचा खण आखूडच असतो, कारण तो शिवायचा नाही हे कापणाऱ्याला ठाऊक असतं. शिवायचं कापड मी न शिवायच्या मापानं कापलं होतं. मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

"रडायलीस कशाला?" आक्का म्हणाली. "बाह्यापुरतं कापड रंगवून दे. नातवाच्या जावळाला घालते." मग तिनं पिशवीतून आपलं एक जुनं झंपर काढून माझ्यापुढं ठेवलं. "हे ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मापाचं."

रंग जुळवायला खण माझ्याकडेच ठेवून ती गेली आणि मी पुन्हा गच्चीवर बादली भरून ठेवली. आणि तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. तोच पिवळा पुन्हा येईना. डाळिंबाच्या साली या मोसमात वेगळ्या होत्या. मागच्या खेपेला नळाचं पाणी वापरलं होतं की बोअरचं, ते आठवेना. दोन्ही वापरून बघितलं. एकदा फिका आला, एकदा तपकिरीवर गेला, एकदा छान आला म्हणून नाचले तर वाळल्यावर हिरवट दिसायला लागला. दोरीवर तुकड्यांची रांग लागली. नवरा एकेक तुकडा खणाशेजारी धरून बघायचा आणि मान हलवायचा. जावळ चार दिवसांवर आलं तेव्हा मी हरले आणि आक्काला फोन केला. रंग जुळत नाही, तुम्ही दुसरं काही घाला, मी नंतर पूर्ण मापाचा नवा करून देते.

ती म्हणाली, रंग इकडं तिकडं झाला तर झाला, तू पाठव. जो तुकडा त्यातल्या त्यात जवळचा होता तो जुन्या खणात गुंडाळून मी सावरगावकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवून दिला.

जावळाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आक्का अंगणात पंगतीची तयारी बघत होती. झंपर पिवळं आणि बाह्या त्याहून दाट, लांबूनही वेगळ्या ओळखू याव्यात अशा. शिंप्यानं उडी मारलेली ओळ नेमकी पाठीच्या मधोमध आणली होती. मला कुठं तोंड लपवू असं झालं, म्हणून मी गुपचूप चुलीपाशी जाऊन बायकांबरोबर भाकरी थापायला बसले.

तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई आक्काला विचारताना ऐकू आलं, हे दुरंगी झंपर कुठून आणलं, गंगाखेडहून की परभणीहून.

"दुकानातलं न्हाई ते," आक्का म्हणाली. "आमच्या धाकलीनं केलंय. कापड जरा कमी कापती, पर शिकंल."

माझ्या हातातली भाकरी त्या दिवशी काही गोल झाली नाही. मी ती तव्यावरून उतरवल्यावर आक्का आली आणि तीच उचलून आपल्या ताटात घेऊन गेली.