बॉनेटशेजारची सीट

गंगाधर शेंडे राहायला साताऱ्यात आणि एसटीचा ड्रायव्हर इस्लामपूर डेपोला. सात वर्षं तो कामावर जायचा तो दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीतून, केबिनमध्ये इंजिन झाकणाऱ्या बॉनेटशेजारी असलेल्या सीटवर बसून. ती सीट आपल्या हक्काची नाही, हे तो कधी विसरला नाही. आधी गाडीवाल्याला विचारायचं, मग कंडक्टरला पास दाखवायचा. चालवणाऱ्याच्या गिअरबद्दल, ब्रेकबद्दल चकार शब्द काढायचा नाही. झोपायचं तर मुळीच नाही. शेजारी कुणी घोरू लागलं की चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात. आणि दोघं आले, तर ड्युटीवर निघालेल्यानं बसायचं, घरी निघालेल्यानं मागची गाडी बघायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत.

सगळे म्हणजे सिद्धू सोडून. सिद्धू एसटीच्याच साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळी आणि वर ओव्हरटाइम करून सांगलीला विश्रामबागेतल्या घरी जायचा. सयाजी ड्रायव्हरच्या सकाळी साडेअकराच्या सांगली गाडीत तो आधीच येऊन बसे, बूट काढून पाय बॉनेटवर टाके आणि नागठाणं गाव यायच्या आत घोरू लागे. गंगाधर मागं उभ्यानं जाई. दोनदा तर उभं राहायलाही जागा नव्हती, आणि दोनदा लेटमार्क पडला. तिसरा पडला तर साताऱ्याला बदलीचा अर्ज पुढं जाणार नाही, असं डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं.

"अहो, सांगा ना त्याला," बायको शरयू म्हणाली.

"मी कोण सांगणार? गाडी सयाजीची, पाहुणा सयाजीचा."

"मग सयाजीला सांगा."

"गाडी चालवणाऱ्याला असलं सांगतात होय?"

शरयूनं तव्यावरची पोळी उलटली. "मग रोज मला कशाला सांगता?"

सोमवारी गाडी खच्चून भरली. कंडक्टरनं दार लावून घेतलं. गंगाधर धावत ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेला. पलीकडं सिद्धूचे मोजे दिसले, आणि त्याचा संयम संपला.

"सयाजी, तुझा हा पाहुणा उठंल का आज?"

"माझा?" सयाजीनं वाकून पाहिलं. "आवं आण्णा, मला वाटलं तुमचा हाय. पयल्या दिवशी तुमच्यासंगंच आलावता की."

"माझ्यासंगं? तंबाखू मागितली त्यानं स्टँडवर. तेवढीच वळख."

"आन मी दोन म्हैने त्याच्या पायांचा वास सोसतोय, तुमाला वाईट वाटंल म्हणून."

गलक्यानं सिद्धू जागा झाला. काय झालं ते कळल्यावर त्यानं निवांत बूट उचलले.

"मग सांगायचं न्हाई व्हय? मला बाराची बी चालती."

तो नुसत्या मोज्यांवरच उतरला. गंगाधर त्या उबदार सीटवर बसला. सयाजीवर चिडावं, सिद्धूवर चिडावं की स्वतःवर, तेच त्याला कराड येईपर्यंत ठरवता येईना.

पावणेदोनला त्यानं डेपोत सही केली. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

"आज वेळेत? मग कळवू वर, तुमच्या अर्जाचं."

"कळवा," गंगाधर म्हणाला, "आणि जरा लवकर कळवा. उद्या परत सयाजीच्याच गाडीनं यायचंय."