सज्ज्यावरचे मोर

मुलांनो, वर्ध्याच्या जुन्या बाजारात आमच्या समोरचा कापडदुकानदार आपला लाकडी सज्जा सकाळी पाडणार होता. आदल्या रात्री कॅमेरा घेऊन एक अनोळखी माणूस आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. बैलाला थोपटावं तशी भिंत थोपटून तो मला म्हणाला, "आजी, लाईट बंद करा न जी. दिवसा नुसत्या पाट्या दिसते, घर अंधारातच दिसते."

मी दिवा मालवला. "मोडक्या लाकडाचा फोटो काढून राह्यला काय बे?" म्हणत दुकानदारानेही झगमगती पाटी बंद केली. चांदण्यात सज्ज्यावरचे कोरीव मोर उमटले.

फोटो दुकानदाराने जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाला, "मले पाठवजो, भाऊ. माहा बाप तिथंच बसे."

"मंग तुम्ही जाऊन बसा न," म्हणत फोटोवाल्याने कॅमेरा पुन्हा लावला.