तीन देश, अकरा द्राक्षबागा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या टूरवाल्यानं स्वतः हुबळीपलीकडचं जग पाहिलेलं नाही. कपाळावर विभूती लावणारा हा गृहस्थ आयुष्यात ताकाहून जहाल काही प्यायलेला नाही. पण फ्रान्सच्या वाइनबद्दल असा बोलतो, जणू कालच तिथं द्राक्षं तुडवून आलाय. अंतरं मात्र सोलापुरी. "पॅरिसहून ते गाव म्हणजे हितनं वळसंग की, साहेब!" नकाशावर ते पाचशे किलोमीटर निघालं.

मधुचंद्रासाठी मी त्याच्याकडं तीन देश आणि अकरा द्राक्षबागा मागितल्या. होणाऱ्या बायकोला खाण्याची आणि वाइनची खरी जाण आहे. साखरपुड्यात मीही जाणकार असल्याची थाप मारून बसलो होतो. प्रत्यक्षात एकदाच घोट घेतला होता, तोही कुंडीत थुंकला.

ती शेजारी असतानाच त्यानं विचारलं, "साहेब, तुमाला कुठली आवडती?"

मी रुबाबात म्हणालो, "कुठलीही. सोडा आणि बर्फ मात्र भरपूर."

ती माझ्याकडं बघतच राहिली. त्यानं चष्मा काढला आणि सावकाश पुसला. अडचणीचं बोलायच्या आधी तो नेहमी तेच करतो.

"ताई, चेष्टा करत्यात ते. साहेब तितं पिणारच न्हाईत. तुमाला निवांत चाखता यावी म्हणून सगळीकडं गाडी तेच चालवणार हायेत. तुमाला सांगू नका म्हणले हुते."

तिचे डोळे भरून आले. "खरंच?"

"खरंच," मी म्हणालो.

लग्न दीड महिन्यावर आलंय. रोज सकाळी मी ड्रायव्हिंग स्कूलला जातो. क्लच कुठला, ते कालच कळलं.