टोपी नक्की कोणासाठी विणायची?

मैत्रिणींनो, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांसाठी मी लोकरीच्या टोप्या विणते. आज सकाळी उत्रोलीच्या शांताबाईंना एक द्यायला गेले. केमोने त्यांचे सगळे केस गेले आहेत.

त्यांनी टोपी उलटसुलट पाहिली आणि नवऱ्यापुढे टाकली. "घाला!"

"अहो, ती तुमच्यासाठी आहे."

"मला पदर हाय की, बाई. ह्यांचं ध्यान बघा!"

बायकोला एकटं वाटू नये म्हणून त्या गृहस्थांनी काल डोकं भादरून घेतलं होतं. अगदी तुळतुळीत!

"सकाळधरनं लोकं दारात येऊन 'कवा गेल्या?' म्हणून इचारत्यात. मी जिती हाय अजून!" शांताबाई कडाडल्या आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"तुला बरं वाटंल म्हणून केलं गं," ते पुटपुटले.

मी एरवी कोणालाही स्पष्ट सुनावते. आज त्यांना शाबासकी द्यावी की झापावं, तेच कळेना.

शेवटी शांताबाईंनीच टोपी त्यांच्या कानांपर्यंत ओढली. "केस येईस्तोवर काढायची न्हाई."

"कुणाचं?"

"दोघांचं."

टोपी त्या गृहस्थांना घट्ट होते, म्हणून घरी येऊन मोठी विणायला घेतली आहे. तुम्ही त्या माणसाला काय म्हणाला असता?