चिंचमाळची मेहक, शहरी यादीतून

चिंचमाळच्या शाळेचे मुख्याध्यापक कृष्णात सर यांनी अर्ज निम्मा भरला आणि पेन खाली ठेवलं. समोर मदिना नदाफ बसली होती. तिची मुलगी मेहक पाचवीत होती, आणि सहावीपासून तिला सरकारी निवासी शाळेत घालायचं मदिनाने कधीच ठरवून टाकलं होतं. तिथे प्रवेश परीक्षा देऊन मिळायचा; ऐंशी जागांपैकी साठ खेड्यातल्या मुलांना, वीस शहरातल्यांना.

"भाबी, घोळ हाय," सर म्हणाले. "तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही वर्षं खेड्यातल्याच शाळेत झालेली लागत्यात. मेहक चौथीत अडीच महिने कोल्हापुरात हुती."

होती खरी. नदाफांचा धंदा गाद्या भरण्याचा. फेब्रुवारी लागला की लग्नाच्या गाद्यांची कामं निघतात. मग मदिना आणि तिचा नवरा दिलदार कापूस पिंजायचं यंत्र टेम्पोत घालून कोल्हापुरात बिऱ्हाड करतात. या धंद्यातली बाकीची माणसंही तशीच जातात. त्यांची पोरं तिथे कापसाच्या ढिगावर खेळतात आणि नावं गावच्या शाळेत चालू राहतात. मदिनाला ते पटलं नव्हतं. चौथीच्या हंगामात तिने रीतसर दाखला काढून खोलीजवळच्या महापालिकेच्या शाळेत मेहकचं नाव घातलं. हंगाम संपल्यावर तिथला दाखला घेऊन पुन्हा गावात आणलं. तो कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपला होता, आणि आज मोठ्या अभिमानाने सरांपुढे ठेवला होता.

"एक दिवस शहरात शिकली तरी शहरीच धरत्यात," सर म्हणाले. मग आवाज उतरवून, "ही पिशवी घरी न्या. हजेरीचं माझं मी बघतो. सगळीच करत्यात ओ."

"आन् उद्या कुणी पोरीला इचारलं, कुठं कुठं शिकलीस, तर तिनं काय सांगायचं?"

मदिनाने पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने थेट निवासी शाळेचं ऑफिस गाठलं. तिथल्या कारकुनाला, गणपतरावांना, नियमाचं पान तोंडपाठ होतं.

"घर गावात, रेशनकार्ड गावात, मत गावात," मदिना म्हणाली. "मग पोरगी शहरातली कशी?"

"नियम शाळा बघतोय, ताई. घर न्हाय."

"ते अडीच महिने तिला कापसावर खेळवली असती तर?"

गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. "तर खेड्याची."

"म्हंजे शाळेत घातली, ही माझी चूक."

"नियम काय मी केलाय व्हय?"

"तुमी न्हाई केला. पर लिवून घ्यायला तुमीच हाय की. शहरी लिवा. शहरातल्या पोरांत बसंल माझी पोरगी."

घरी दिलदारने कपाळाला हात लावला. "तिकडची पोरं क्लासला जात्यात. खेड्यातनं बिनघोर लागली असती."

"बिनघोर? खोटा कागद घिऊन?"

मेहक कापडाला टाके घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अम्मी, शहरी म्हंजे पेपर येगळा असतोय?"

"पेपर त्योच."

"मग काय!"

परीक्षा जानेवारीत होती. तोवर यंत्राच्या आवाजात गणितं चालली. आकृत्या ओळखायचे प्रश्न मदिनालाही सुटायला लागले, आणि एकदोनदा तिने कृष्णात सरांची चूक दाखवली. सरांना ते आवडलं नाही, पण रविवारी शिकवायला ते येत राहिले.

निकाल सरांच्याच मोबाइलवर आला. शहरी विसांत मेहक अठरावी. पारावर बसलेल्या एकाने हाक मारली, "काय मदिना, शहरवाली झालीस की!"

"व्हय की पावणं! या एकदा आमच्या शहरात, च्या पाजतो."

शाळेने सामानाची यादी पाठवली. गादी तीन बाय सहा, त्यावर मुलीचं नाव आणि नंबर. मदिनाने त्या आठवड्यात गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. कापूस दोनदा पिंजला, कडेला दुहेरी टाका घातला. प्रवेशाच्या दिवशी दिलदारने गादी खांद्यावरून उतरवली आणि गणपतरावांनी यादी हातात घेतली. लाल दोऱ्यात मेहकचं नाव होतं, नंबर होता, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत चिंचमाळ.

"नाव आन् नंबर एवढंच पायजे. गाव कशाला?" गणपतराव म्हणाले. "आमच्याकडं तर ती शहरी हाय."

"तुमच्या कागदावर ऱ्हाऊ दे शहरी," मदिना म्हणाली. "ह्यो दाभणाचा टाका हाय. उसवायचा तर गादी फाडाय लागंल."

गणपतरावांनी गादी अंगठ्याने दाबून बघितली. यादीत गादीपुढे खूण केली आणि विचारलं, "बादली आणलीया न्हवं?"